बेळगावातला '१६ योद्धा संस्कृतीं'वाला मार्शल आर्ट क्लास, तीन महिने जाऊन आलो त्याबद्दल

क्लासचं नाव लिहीत नाही, गाव लहान आहे आणि सरांशी माझं काही भांडण नाही. टिळकवाडीच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमधून संध्याकाळी काठ्यांचा टकाटक आवाज येतो तोच, कळायचं त्यांना कळलं असेल. दारावर बोर्ड आहे, '१६ योद्धा संस्कृतींची एकत्र युद्धकला', खाली सामुराई, लाल तुऱ्याचं शिरस्त्राण घातलेला स्पार्टावाला, शाओलिनचा साधू, वायकिंग, आणि मधोमध आपला मावळा. मावळा बघितला आणि पोरगी म्हणाली पप्पा मला इथंच जायचं, आठवीत आहे, एकटी संध्याकाळची कशी पाठवायची म्हणून मीपण नाव घातलो. वय ४१, दिवसभर उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या शॉपमध्ये उभं राहायचं काम, पोट शर्टाच्या दोन बटणं पुढं. पहिल्या दिवशी सर म्हणाले, "काका, पालकांच्या खुर्च्या तिकडं आहेत." म्हटलं मी पालक नाही, विद्यार्थी. फी महिना १५०० एकाची, ड्रेस १८००, तो सक्तीचा.

जून ते ऑगस्ट गेलो, म्हणजे आपल्या इथला पाऊस आणि वर पत्रा, सगळं आलंच. सर आकडे जपानीत मोजायचे, इची नी सान, पण पावसाचा आवाज वाढला की जपानी आपोआप बंद आणि ओंदू, येरडू, मूरू सुरू, कारण ते पोटातून येतं. बॅच निम्मी मराठी निम्मी कन्नड, लागलं की शिव्या दोन्ही भाषांत.

आता मुख्य गोष्ट, काठी. फक्त ह्याच्यासाठी मी तिथं परत जाईन. फिलिपिन्सची काली, तिला आर्निस पण म्हणतात, २००९ साली त्यांनी कायदा करून तो राष्ट्रीय खेळ केलाय. त्यात दोन हातांत दोन वेताच्या काठ्या, साधारण २८ इंची. बांबू का नाही तर बांबू पोकळ, फुटला की सुरीसारखा चिरतो, वेत भरीव असतो आणि मार खाऊन खाऊन त्याचे नुसते तंतू सुटतात, झाडूसारखे. ह्यात एक प्रकार आहे सिनावली. उजवी काठी उजव्या खांद्यावर, डावी उजव्या काखेत, उजवी मारायची, डावी मारायची, परत उजवी, की आता डावी खांद्यावर आणि उजवी काखेत, तसंच उलट, सहा टोले. ऐकायला काय नाही. समोर पार्टनर पण तेच करत असतो आणि प्रत्येक टोला त्याच्या काठीवर बसायला पाहिजे. मला अकरा दिवस लागले. माझ्यासोबत वडगावचा एक पोरगा होता, घरी माग आहेत, त्यानं दुसऱ्या दिवशी धरलं. नंतर सरांनी सांगितलं की सवाली म्हणजे तिकडची बांबूची विणलेली तट्टी, त्याच्यावरून सिनावली, विणकाम. तो पोरगा म्हणाला मग सर आधी सांगायचं की.

नवव्या दिवशी माझा टोला अर्धा क्षण लवकर गेला आणि त्याचा वेत माझ्या अंगठ्याच्या सांध्यावर. बाजूच्या ज्यूसवाल्यानं बर्फ दिला, पैसे घेतले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये पाना धरता येईना.

ह्याच सरांनी ऑगस्टमध्ये दांडपट्टा काढला, खरा नाही, पाईपमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी बसवून घरी केलेला. हात कोपरापर्यंत आत जातो, मूठ आत, मनगट बंद. आम्ही दोन महिने सिनावलीत मनगट सैल सोडायला शिकलेलो, तर सगळे तसंच फिरवायला गेले आणि पट्टा हललाच नाही नीट. सर म्हणाले मनगट विसरा, खांदा आणि कंबर. कमरेतून अर्धा फिरलो आणि पट्टीनं हवेत असा सूंऽऽ आवाज काढला की पोरगी लांब जाऊन उभी राहिली. त्या एका तासाचे १५०० मी आनंदानं दिले असते. दोन देशांची हत्यारं शेजारी शेजारी ठेवून एकात काय चालतं ते दुसऱ्यात का चालत नाही हे दाखवणं, मिक्स मार्शल आर्ट म्हणतात ते मला ह्याच दिवशी कळलं. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ मिरवणुकीत पोरं लाठी फिरवतात ती आपण बाजूला उभं राहून वडापाव खात बघतो, हातात घेतल्यावर वेगळं असतंय.

पण बाकीच्या चौदा संस्कृती? स्पार्टाच्या नावावर फोमची ढाल घेऊन एकमेकाला ढकलणं, तेवढंच, दोन दिवस. वायकिंग शेवटपर्यंत बोर्डावरून खाली उतरला नाही. आइसलँडमध्ये ग्लिमा म्हणून कुस्ती आजही खेळतात, कंबरेचा पट्टा धरून, ते तरी दाखवायचं, मी सरांना विचारलं तर म्हणाले काका तुम्हीच घ्या एक क्लास.

आणि शनिवारची जमिनीवरची झटापट, ती मात्र धोक्याची आहे, स्पष्ट लिहितो. मी येळ्ळूरचा, लहानपणी चुलत्याबरोबर दोन वर्षं तालमीत गेलोय, पैलवान झालो नाही पण हौद माहीत आहे. मातीत तेल, ताक, हळद घालून रोज खणून भुसभुशीत करतात, पडला तर माती घेते. इथं मॅटचे चौकोन, ओढाताण झाली की मधून फट पडते, माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख त्या फटीत गेलं ते अजून पूर्ण आलं नाही. बरं, ज्युदोत सगळ्यात आधी पडायला शिकवतात, हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटायचा. इथं आधी उचलून टाकायचं शिकवलं आणि पडायचं सहाव्या आठवड्यात! मधल्या काळात पोरीचं डोकं आपटलं, काही झालं नाही, पण बायकोनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि चूक तिची नव्हती. एकदा सर माझा पाय धरायला खाली आले, मी नकळत कुस्तीतला पट काढला, म्हणजे त्यांचेच पाय ओढले, सर बसले की खाली. सगळे हसले, तेपण हसले, पण त्या शनिवारनंतर मला पार्टनर म्हणून घेतलं नाही.

एकत्र करण्यात वाईट काही नाही हं. हवाईत १९४७ साली पाच जणांनी मिळून काजुकेन्बो असंच केलं, कराटे, ज्युदो-जुजुत्सू, केन्पो, बॉक्सिंग, त्याच अक्षरांवरून नाव. पण तिथं पाच माणसं होती, ज्याची त्याची विद्या ज्याला त्याला येत होती. इथं १६ ला एक सर. मी चहा पिताना विचारलं, सर हे सगळं शिकला कुठं, तर सरळ सांगितलं, लाठी आणि पट्टा गावात मामाकडं लहानपणापासून, काली एका शिबिरात आणि मग सात वर्षं रोज घरी, बाकी व्हिडिओ बघून. मला माणूस आवडला. मग म्हटलं बोर्डावर पण दोनच लिहा की. तर म्हणाले, "दोन लिहिल्यावर तुमची पोरगी आली असती काय?" ह्याला मी काय बोलणार.

बेल्टची टेस्ट मात्र पटली नाही. दर तीन महिन्याला ७०० रुपये आणि सर्टिफिकेट. रंगीत बेल्ट ज्युदोतून आलेली पद्धत, लाठीवाल्याच्या कमरेला पिवळा बेल्ट कशाला? आम्ही दिली नाही, सरांनी जबरदस्ती केली नाही, पण पुढच्या बॅचला घालताना जरा आढेवेढे घेतले. आणि मराठा सेंटरच्या, म्हणजे इथल्या लष्कराच्या भरतीची तयारी करणारी चार पोरं येतात, त्यांना कुणीतरी सांगितलंय ह्याचा उपयोग होतो. बाळांनो, तिथं १.६ किलोमीटर पळायचंय, संध्याकाळी पळायला जावा.

आम्ही दोघं आता सोमवार-बुधवार फक्त काठीला जातो, तसं बोललो तर फी हजार केली, शनिवार बंद. जाणार असाल तर वेत स्वतःचे घ्या, क्लासमधले सगळे तंतू सुटलेले आहेत, बोटात कुसळं जातात. पावसाळ्यात चपला आत न्या. आणि फी रोखच द्या, सरांचा फोन शेडमध्ये लागत नाही.