सापाच्या पोटात भाला, माझ्या खिशाला चुना

एका संकेतस्थळावरच्या विक्रेत्याकडून घेतलेलं जुनं रोमन नाणं नकली निघालं. आधी आकडे. नाण्याचे ६८५ पौंड, टपालाचे साडेबारा आणि 'हे खोटं आहे' हे ऐकण्यासाठी जाणकाराला वर ३०. म्हणजे ७२७ पौंड ५० पेन्स. घरी हा आकडा रुपयांत अजून सांगितलेला नाही.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची ब्राँझची नाणी इथे इंग्लंडात किरकोळ भावात मिळतात. सूर्यदेव सोलवाली, दोन शिपायांवाली. पण ३२७ साली कॉन्स्टँटिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) टांकसाळीत पाडलेलं, 'स्पेस पब्लिक' अशी लॅटिन अक्षरं असलेलं नाणं वेगळं. वर ख्रिस्ताचं काय-ऱ्हो चिन्ह (त्याच्या ग्रीक नावातली पहिली दोन अक्षरं), खाली तीन ठिपक्यांचा राजध्वज आणि ध्वजाचा दांडा थेट सापाच्या अंगात घुसलेला. एरवी त्याच्या नाण्यांवर ही खूण दिसलीच तर कुठेतरी बारीकशी. इथे सगळं चित्रच तिचं. म्हणून महाग आणि म्हणूनच नकलाही याच्या. शिपायांच्या नाण्याची नक्कल करून कोणाचं पोट भरणार?

ठेच कुठे लागली सांगतो. त्याच विक्रेत्याच्या जुन्या विक्रीत असंच नाणं मला दिसलं होतं. शेपटीजवळ तोच खड्डा, कडेला तीच चीर. मी खूश, म्हटलं एकाच ठशाची जोडी! अरे, ठसा एक असेल, पण सतराशे वर्षांची झीज दोन नाण्यांवर एकाच जागी कशी येईल? हे डोक्यात यायला हवं होतं. पण वजन बरोबर, गंज सुरेख, आणि सोबत प्रमाणपत्र, त्यात 'आरआयसी खंड ७, क्रमांक १९' असा रोमन नाण्यांच्या प्रमाण सूचीतला अचूक उल्लेख. कोणीही भुललं असतं. प्रमाणपत्र म्हणजे घरच्या प्रिंटरचा कागद, लक्षात ठेवा.

भिंगाखाली कडेवर कानशीच्या रेघा आणि अक्षरांच्या बुडाशी बुडबुड्यांचे खळगे दिसले. ओतीव माल. अस्सल नाणी ठोकून पाडलेली असतात. कडेचा फोटो मागा. टाळाटाळ झाली की चालू पडा.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. (थेट खात्यात कधीही पाठवू नका.) संकेतस्थळ म्हणतं, तक्रारीची मुदत संपली. पोलिसांनी ऑनलाइन अर्ज भरून घेतला, लांबलचक क्रमांक दिला आणि मग पत्र: तपास शक्य नाही. का शक्य नाही? नाव आहे, खातं आहे, पत्ता पाकिटावर छापलाय! पोलिसांच्या फोनवरच्या बाईंनी तर विचारलं, "जुनं नाणंच ना, मग आता चालत नाही म्हणून तक्रार आहे का?"

तो माणूस आजही विकतोय. नवं नाणं टाकलंय, भाव ७१०. शेपटीजवळ खड्डा आहेच.