हेन्रीचा बोहेमिया आणि तेरेसाचा बोहेमिया

प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओजचा ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हा व्हिडिओ खेळ फेब्रुवारी 2018 मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याची जाहिरात एकाच मुद्द्यावर झाली होती. यात ड्रॅगन नाहीत, जादूटोणा नाही, आहे तो केवळ 1403 सालचा बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील तेव्हाचे राज्य. हा दावा बव्हंशी खरा आहे आणि खेळाचे आकर्षणही त्यातच आहे. मात्र इतिहासाशी इमान राखल्याचा दावा करणाऱ्या खेळाने त्या इतिहासातील स्त्रियांना किती जागा दिली, याचा हिशेब मांडायचा तर मूळ खेळ आणि मे 2019 मध्ये आलेला ‘अ वुमन्स लॉट’ हा त्याचा पूरक भाग एकत्र पाहावे लागतात. हे परीक्षण मुख्यतः त्या पूरक भागाचे आहे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सम्राट चौथ्या चार्ल्सच्या मृत्यूनंतर गादीवर आलेला वेन्सेस्लास सावत्र भाऊ सिगिस्मुंड याच्या कैदेत आहे आणि सिगिस्मुंडचे कुमान भाडोत्री सैनिक स्कालित्स हे चांदीच्या खाणींचे गाव जाळून टाकतात. लोहाराचा मुलगा हेन्री त्यातून जीव घेऊन पळतो आणि पुढचा सारा खेळ त्याच्या नजरेतून उलगडतो. स्कालित्स, रताय, सासाऊचा मठ, टाल्मबेर्गचा किल्ला ही सर्व ठिकाणे आजच्या चेक प्रजासत्ताकात प्रत्यक्ष आहेत. खेळातला भूप्रदेश त्यांच्या आधारे इतक्या बारकाईने रचलेला आहे की केवळ ओढ्याकाठाने चालत राहण्यातही वेळ सत्कारणी लागल्यासारखे वाटते.

वास्तववादाचे हे व्रत खेळ कोठे कोठे पाळतो, हे पाहण्यासारखे आहे. हेन्रीला सुरुवातीला वाचता येत नाही. पुस्तक उघडले तर पानावरची अक्षरे उलटसुलट विखुरलेली दिसतात आणि उझित्स गावातील लेखनिकाकडे जाऊन शिकल्यानंतरच शब्द हळूहळू जागेवर येतात. पिशवीतले अन्न नासते, तलवारीची धार जाते, खेळ हवा तेव्हा जतन करायचा तर एका विशिष्ट दारूची बाटली रिचवावी लागते. अंगावरच्या कपड्यांना चिखल किंवा रक्त लागले असेल तर समोरचा माणूस त्याप्रमाणे वागतो. हे कपडे धुऊन मिळतात ते स्नानगृहात. तेथील स्त्रीशी बोलताना आंघोळ, धुलाई आणि सोबत असे पर्याय पडद्यावर येतात, एक निवडला की पडदा काळा होतो आणि क्षणार्धात कपडे स्वच्छ. म्हणजे हेन्रीच्या सदऱ्यावर किती मळ बसला याचा हिशेब खेळ चोख ठेवतो, पण तो मळ काढणाऱ्या हातांचे काम त्या काळ्या पडद्याआड उरकले जाते. ‘सोबत’ घेतली असेल तर हेन्रीला काही काळ ‘अल्फा मेल’ नावाचा गुण चिकटतो आणि त्याची लोकांवरील छाप वाढते. या गुणाला चौदाव्या-पंधराव्या शतकातील कोणत्या कागदपत्राचा आधार आहे, हे मला ठाऊक नाही.

येथे एक नेहमीचे उत्तर ठरलेले असते की, ‘त्या काळी असेच होते.’ आपल्याकडील ऐतिहासिक मालिकांवरील वादातही हे वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येते. हेन्रीऐवजी एखादी स्त्री-सरदार द्यायला हवी होती, अशी माझीही मागणी नाही. पण हा युक्तिवाद करताना खेळाने हेन्रीसाठी काळाला किती वाकवले आहे, हे सोयीस्करपणे विसरले जाते. लोहाराचा निरक्षर पोर काही आठवड्यांत चिलखतातील योद्ध्यांना भारी पडतो, सरदारांच्या मुलाबरोबर शिकारीला जातो आणि मोठमोठ्या मसलतींत बसतो. वनस्पतीविद्येतील एक कौशल्य निवडले तर रानातील झेंडू आणि कॅमोमाईल खुडून हेन्रीच्या अंगातील ताकद वाढते, आणि तीच ताकद पुढे तलवारीच्या घावात उतरते. फुले खुडून बाहू बळकट होत असते तर गावातील वैदू बायांनी कुमानांना केव्हाच पळवून लावले असते! खेळ म्हटला की अशा सवलती आल्याच, त्याबद्दल तक्रार नाही. सवलती कोणाच्या वाट्याला येतात, एवढेच पाहावे.

शिवाय ‘असेच होते’ म्हणताना प्रत्यक्ष काय होते हेही तपासावे लागते. खेळात ज्याच्या सैन्याने गाव जाळले त्या सिगिस्मुंडची आई, पोमेरेनियाची एलिझाबेथ, 1393 मध्ये वारली. ती हाताने घोड्याची नाल वाकवत असे, अशी तिची ख्याती होती. तिने अखेरचे दिवस ज्या ह्रादेत्स क्रालोवे नगरात काढले, ते बोहेमियाच्या राण्यांना उत्पन्नासाठी दिल्या जाणाऱ्या नगरांपैकी एक होते. वेन्सेस्लासची दुसरी पत्नी सोफिया ही प्रागचा धर्मसुधारक यान हुस याच्या पाठीराख्यांपैकी होती. खेळाच्या काळानंतर 17 वर्षांनी, जुलै 1420 मध्ये, प्रागजवळील विट्कोव्हच्या टेकडीवर हुसच्या अनुयायांचा सेनानी यान झिझ्का याच्या माणसांनी सिगिस्मुंडच्याच फौजेला अडवले, तेव्हा लाकडी तटबंदी लढवणाऱ्या मूठभर लोकांत स्त्रियाही होत्या आणि त्यांच्यातील एक निःशस्त्र असूनही मागे हटली नाही, असे समकालीन बखरकार नोंदवतो. ही उदाहरणे अपवादात्मक आहेत, हे मान्य. पण हेन्रीदेखील अपवादच आहे.

मूळ खेळातील स्त्रिया वाईट लिहिलेल्या आहेत असे नाही. टाल्मबेर्गची स्टेफनी ही वृद्ध नवऱ्याच्या किल्ल्यात एकटी पडलेली बाई मोजक्या प्रसंगांत लक्षात राहते. उझित्सजवळच्या रानात रात्री जमणाऱ्या तिघींची गोष्ट तर खेळातील सर्वांत चमत्कारिक आणि विनोदी प्रकरणांपैकी आहे. अडचण अशी की या साऱ्या हेन्रीला भेटण्यापुरत्या उभ्या असतात. त्याने पाठ फिरवली की त्यांचे आयुष्य थांबल्यासारखे वाटते.

‘अ वुमन्स लॉट’चा पहिला भाग ही उणीव पुष्कळशी भरून काढतो. स्कालित्सच्या गिरणीवाल्याची मुलगी तेरेसा मूळ खेळात पळत्या हेन्रीला कुमानांच्या तावडीत सापडलेली दिसते, आणि पुढे रतायच्या गिरणीत त्याची शुश्रूषा करते. येथे तीच आपल्या हाती येते. हल्ल्याच्या आधीचा काळ बापाने सांगितलेल्या कामांत आणि गावकऱ्यांच्या फर्माइशींत जातो. हेन्रीच्या डोळ्यांनी घाईघाईत पाहिलेले स्कालित्स आता दारोदार ओळखीचे होते, खाणकामगारांची कुरबुर कानावर पडते आणि कोण कोणाच्या उपकाराखाली आहे हे कळत जाते. त्यामुळे जाळपोळ सुरू होते तेव्हा नावे माहीत असलेली माणसे मरताना दिसतात. तेरेसाला लढण्यापेक्षा लपून वाट काढावी लागते. सोबतीला असतो तो टिंकर नावाचा कुत्रा. ती कुंपणाआडून कुंपणाआड सरकत घरच्यांना शोधते आणि वाटेत जमेल त्याला मदत करते. माझ्या मते संपूर्ण खेळात युद्धाचे याहून प्रामाणिक चित्रण दुसरे नाही, कारण येथे कौशल्य वाढवून संकटावर मात करण्याची सोयच ठेवलेली नाही. 1403 सालच्या गावातील बहुसंख्य माणसांची, पुरुषांचीही, अवस्था अशीच असणार.

असे असूनही या भागाच्या मांडणीत एक गोष्ट खटकते. तेरेसाची कथा सुरू होण्यासाठी हेन्रीने तिच्याकडे जाऊन ‘त्या दिवशी तुझे काय झाले’ हे विचारावे लागते. त्याने विचारले नाही तर ती बोलणार नाही. दुसरा भाग योहांका या स्कालित्सच्याच निर्वासित मुलीचा. ती सासाऊच्या मठात जखमींची सेवा करते, तिला कुमारी मेरीचे दर्शन होऊ लागते, लोक तिचे ऐकू लागतात आणि प्रकरण धर्मपरीक्षकापर्यंत, म्हणजे पाखंडाची चौकशी करणाऱ्या चर्चच्या अधिकाऱ्यापर्यंत, पोहोचते. दिव्य दर्शनांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिएनाच्या संत कॅथरिनला जाऊन तेव्हा जेमतेम 23 वर्षे झाली होती आणि प्रागच्या बेथलेहेम चॅपलमध्ये हुस नुकताच उपदेश करू लागला होता. अशा वातावरणात सामान्य घरच्या मुलीने देवाच्या नावाने बोलणे किती मोलाचे आणि किती जोखमीचे होते, हे लेखकांनी नेमके पकडले आहे. चौकशीचा प्रसंग उत्तम आहे. मात्र तो आपण खेळतो हेन्री म्हणून! योहांकाचे भवितव्य बऱ्याच अंशी हेन्री तिच्या बाजूने काय बोलतो यावर ठरते. स्त्रियांच्या नावाने काढलेल्या भागाचा अर्धा वाटा पुन्हा त्याच्याकडेच गेला आहे.

दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. ‘माउंट अँड ब्लेड : वॉरबँड’ या 2010 च्या खेळात स्त्री-पात्र निवडता येते आणि मग सरदार सहजासहजी मान देत नाहीत, जहागिरीसाठी झगडावे लागते, म्हणजे काळाची बंधने हाच खेळण्याचा विषय होतो. ‘पेंटिमेंट’ या दुसऱ्या ऐतिहासिक खेळात नायक पुरुष असूनही मठातील ग्रंथपाल सिस्टर इल्युमिनाटा त्याला जे सुनावते ते त्याच्या पुढच्या वाटचालीत मुरत जाते. वॉरहॉर्सच्याच दुसऱ्या खेळात, फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या ‘किंगडम कम’च्या पुढील भागात, कुत्ना होराची विद्याव्यासंगी रोझा आणि झिझ्काच्या टोळीसाठी हेरगिरी करणारी कॅथरिन या दोघींना स्वतःचे बेत आणि स्वतःचे काम आहे. तेरेसाचा भाग लिहिण्याचा अनुभव तेथे कामी आला असावा, असा माझा अंदाज आहे.

घेण्याचा विचार असेल तर सर्व पूरक भाग समाविष्ट असलेली ‘रॉयल एडिशन’ घ्यावी. सवलतीच्या दिवसांत ती बरीच स्वस्त मिळते. खेळ प्रौढांसाठीच आहे, हिंसा आणि लैंगिक प्रसंग उघड आहेत, आणि पहिले काही तास तलवारबाजी हाताला बसत नाही याची तयारी ठेवावी. तेरेसाचा भाग मूळ कथा संपेपर्यंत राखून ठेवू नये. रतायला स्थिरावताच गिरणीत जाऊन तिला विचारावे, कारण त्यानंतर स्कालित्सच्या राखेत हेन्रीला जे दिसते त्याचा अर्थ अधिक लागतो. योहांकाचे प्रकरण मात्र सासाऊची ओळख झाल्यावर, सवडीने घेतले तरी चालेल.