फेरीबोटी आणि कोकणातली घरगुती क्रूझ : बरेच महिने वापरल्यावरचा अनुभव

परवा पुढच्या बंपरची क्लिप तुटली म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर एवढं टाइप करायचा माझा स्वभाव नाही. खाडीच्या या काठावरून त्या काठावर गाड्या नेणारी ही फेरी कुठून कुठे जाते, गाडी कशी चढवतात हे सगळ्यांना माहितीये, ते परत सांगत नाही. मी दापोलीहून काजूगर आणि आमसुलं गुहागर-रत्नागिरीच्या दुकानांना पोचवतो, त्यामुळे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेऱ्या माझ्या नेहमीच्या, आणि नाताळात ठाण्याचा मेहुणा सहकुटुंब आला तेव्हा वरच्या, मुंबईकडच्या बाजूच्याही झाल्या.

आधी पैशाचं, कारण सुरुवातीला मीपण तिकिटावरून कुरकुरायचो. पण दापोलीवरून गुहागरला खेड-चिपळूणचा वळसा मारला की साठेक किलोमीटर जास्त, म्हणजे माझ्या गाडीला चार लिटरच्या आसपास पेट्रोल, वर घाट आणि हायवेचं ट्रॅफिक. तिकीट त्याच्या आत बसतं आणि दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे होतात ते वेगळंच. सो पैसे वसूल, तो वाद संपला.

खरा प्रॉब्लेम ओहोटीचा. भरतीला बोट जेट्टीच्या वरच्या अंगाला लागते, फळका, म्हणजे बोटीतून गाडी उतरायचा तो खाली पडणारा दरवाजा, जवळजवळ सपाट पडतो आणि गाडी आरामात उतरते. ओहोटीला तीच बोट उताराच्या पार तळाशी, तिथे काँक्रीटवर शेवाळ, फळका आणि उतार यांच्यामध्ये असा काही कोन होतो की बुटक्या गाडीचं नाक घासणारच. खलाशी पोरं चांगली असतात, चाकाखाली लाकडाची फळी सरकवतात, बॉनेटवर थाप मारत "येऊ दे येऊ दे, लेफ्ट, बास बास" करतात, पण फळीच्या पुढे त्यांचाही इलाज नाही. परवा संध्याकाळी सहाच्या फेरीला कर्रर्र आवाज झाला आणि बंपरची एक बाजू लोंबली. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो क्लिप वेगळी मिळत नाही, अख्खा बंपर बदला, वर पेंटिंगचा आकडा ऐकून मी खुर्चीतून उठलोच. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने दोन केबल टाय मारून दिले, चहाच्या पैशात काम झालं आणि अजून हललेलं नाही.

यावर उपाय घरातच, कालनिर्णयमध्ये. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. तिथून सहा तासांनी ओहोटी. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण चालतं. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाला, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खाली जातं तेही पार तळाला. माझा बंपर गेला तो पौर्णिमेच्या संध्याकाळी, यात नवल काही नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, तेव्हा कधीही गाडी घाला. बुटक्या गाडीवाल्यांनो, फेरीचं टाइमटेबल नंतर बघा, आधी तिथी बघा.

आता क्रूझ. मेहुण्याने सात दिवसांच्या कुठल्यातरी बेटांच्या क्रूझचं माणशी भाडं पाठवलं आणि "दाजी, तुम्ही पण चला" म्हणाला. मी म्हटलं तेवढ्या पैशात माझा काजूचा सीझन निघतो, त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीने, मांडव्याला उतर, मी तिथे भेटतो, आठवडाभर फेरी बदलत बदलत रत्नागिरीपर्यंत जाऊ. तो अमावास्येला निघणार होता, पण सासूबाई अडून बसल्या. त्यांच्या माहेरी रामदास बोटीची आठवण अजून काढतात, १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या, रेवसला जाणारी बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. ती पावसाळ्यातली भर समुद्रातली गोष्ट हे सांगून उपयोग नव्हता, द्वितीयेला निघाले.

आणि ते बरंच झालं, कारण तिसऱ्या दिवशी ओहोटी आठ-नऊला आली आणि सकाळच्या उन्हात अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता आलं. ज्या ओहोटीला मी शिव्या घालतो तीच तिथे लागते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेलाही तसंच, भरतीला तो खडकातला रस्ता विसरा. तिथून बागमांडला-वेसवी फेरीने खाडी पार करून आमच्या मुलखात. उलटं हेदवीच्या बामणघळीला, खडकातली ती अरुंद चीर, पाणी उसळताना बघायचं तर तिथे भरतीच पाहिजे, पण आम्ही सप्तमीला पोचलो, भांगाचे दिवस, पाणी घळीत नुसतं गुळगुळ करत होतं आणि मेहुणा कॅमेरा धरून अर्धा तास उभा.

जंजिऱ्याबद्दल माझं मत बदललंय. आधी मी सगळ्यांना तोच सांगायचो. पण राजपुरीच्या धक्क्यावर सुट्टीतली गर्दी, शिडाची होडी लागायची वाट बघण्यात सकाळ गेली, आत गाइड पळवतो, कलालबांगडी तोफेजवळ फोटोला रांग. किल्ला जबरदस्त आहे, पण नाताळात नको. त्यापेक्षा हर्णैहून सुवर्णदुर्ग. दरवाज्यावर मारुती, पायरीवर कासव कोरलेलं, आत नुसती झाडी आणि पडके चौथरे, माणूस नाही. उतरताना गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी ठेवा, सासूबाई होडीतच बसल्या. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी, विजयदुर्ग, सिंधुदुर्गाबरोबर हाही आहे, त्यामुळे ही शांतता किती दिवस टिकेल माहीत नाही.

सासूबाईंचा निकाल वेगळाच. त्यांच्या लहानपणी मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरं घेत जायची, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, माणसं आणि ट्रंका उतरवायच्या, अर्ध्या लोकांना बोट लागलेली. त्या मानाने फेरी म्हणजे सुख, फक्त चहा बरा पाहिजे, असं म्हणाल्या.

मेहुणा आता मेमध्ये मित्रांना घेऊन यायचं म्हणतोय, त्याच्याकडे ती मोठी गाडी आहे त्यामुळे तिथीबिथीची त्याला फिकीर नाही. त्याला एकच सांगितलंय, २५ मेच्या आत ये. त्यानंतर किल्ल्यांच्या होड्या आणि वॉटर स्पोर्ट्स ऑगस्ट संपेपर्यंत बंद, खाडीतली फेरी तेवढी हवा बघून चालू असते, आणि हापूस पण तोपर्यंत संपत आलेला असतो.