डिचोलीतील एका स्थानिक फायबर सेवेचे परीक्षण : कसोटी लिनेजओएसच्या सोर्स कोडची

गोव्यातील डिचोलीत आमच्या वाड्यावर फायबर इंटरनेट देणाऱ्या एका स्थानिक पुरवठादाराची १०० एमबीपीएसची जोडणी मी गेले सहा महिने वापरत आहे. चित्रपट, व्हिडिओ कॉल आणि बँकेची कामे यांबाबत तक्रारीला जागा नाही, आणि तेवढेच सांगायचे असते तर हे परीक्षण चार ओळींत आटोपले असते. मला मात्र ही जोडणी माझ्या जुन्या पोको एफ१ फोनसाठी लिनेजओएस ही अँड्रॉइडच्या खुल्या सोर्स कोडवर आधारलेली प्रणाली स्वतः बिल्ड करण्याकरिता, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करण्याकरिता, हवी होती. २०१८ सालच्या या फोनचे अधिकृत अपडेट अँड्रॉइड १० वरच थांबलेले आहेत.

या कामात जोडणीची परीक्षा नेमकी कशाने होते, हे आधी सांगितले पाहिजे. अँड्रॉइडचा सोर्स म्हणजे एक फाइल नसून शेकडो गिट रिपॉझिटरी, म्हणजे गिट या साधनाने सांभाळलेले कोडचे साठे, असतात आणि त्या ‘रेपो’ हे साधन एका मॅनिफेस्टच्या, म्हणजे यादीच्या, आधारे एका वेळी अनेक अशा आणते. गूगलच्या अधिकृत सूचनांनुसार सोर्ससाठी २५० जीबी आणि बिल्डसाठी आणखी १५० जीबी जागा मोकळी ठेवावी लागते. मेख अशी की गिटला अर्धवट राहिलेले डाउनलोड तेथूनच पुढे सुरू करता येत नाही. पूर्ण उतरलेल्या रिपॉझिटरी शाबूत राहतात, पण ‘फ्रेमवर्क्स बेस’सारखी अवाढव्य रिपॉझिटरी ९५ टक्क्यांवर तुटली, तर ती पुन्हा शून्यापासून आणावी लागते. त्यामुळे येथे वेगापेक्षा जोडणी तासन्‌तास अखंड राहण्याला महत्त्व आहे.

जूनमध्ये पहिल्याच रात्री ‘रेपो सिंक’ने, म्हणजे सोर्स उतरवण्याच्या आज्ञेने, ‘आरपीसी फेल्ड’, ‘अर्ली ईओएफ’ आणि ‘इंडेक्स-पॅक फेल्ड’ अशा, डाउनलोड मध्येच तुटल्याचे सांगणाऱ्या ओळींनी पडदा भरून टाकला. पुरवठादाराच्या मदत क्रमांकावरून एकच सल्ला तीनदा मिळाला : राउटर बंद करून चालू करा. स्पीड टेस्ट ९६ दाखवत असल्याने आमच्याकडून सर्व ठीक आहे, असेही सांगण्यात आले. गिटमधील ‘एचटीटीपी पोस्टबफर’ ही मर्यादा वाढवण्याचा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय मीही करून पाहिला, परंतु ती मर्यादा आपण सर्व्हरकडे पाठवत असलेल्या माहितीपुरती असते, सर्व्हरकडून येणाऱ्या माहितीशी तिचा संबंध नसतो. त्यापेक्षा ‘जे १’ हा पर्याय देऊन एका वेळी एकच रिपॉझिटरी आणवणे अधिक उपयोगी ठरले, कारण मग चुकांच्या ओळी एकमेकांत मिसळत नाहीत आणि नेमकी कोणती रिपॉझिटरी कधी तुटली, ते कळते.

माझ्या नोंदीत प्रत्येक खंडाची वेळ राउटरवरील लाल ‘लॉस’ (फायबरमधील संकेत तुटल्याचा) दिवा लुकलुकण्याच्या वेळेशी जुळत होती. राउटरच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २८ डीबीएम होती (उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण). घरगुती फायबरसाठीच्या सर्वसाधारण जीपॉन उपकरणाची मर्यादा उणे २७ च्या आसपास असते. दिवा क्षणभर लाल झाला की पीपीपीओई सत्र, म्हणजे राउटरने पुरवठादाराकडे केलेले लॉगिन, तुटून नव्याने जुळते. व्हिडिओ साठवलेल्या भागावर तेवढा वेळ काढतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, गिटचे डाउनलोड मात्र तेथेच संपते. हे आकडे कळवल्यावर तंत्रज्ञाचा फोन आला : “पावस आसा, फाल्यां येतां” (पाऊस आहे, उद्या येतो). तो तिसऱ्या दिवशी आला, पण आल्यावर त्याने केलेले काम पाहण्यासारखे होते. विजेच्या खांबावरून आमच्या फणसातून घरात येणारी केबल फांदीखाली जवळजवळ काटकोनात दुमडली होती. त्याने तो तुकडा कापून टाकला, केसाएवढी तार सोलून, पुसून जोडली आणि मीटर माझ्यापुढे धरला : उणे २१. त्या रात्रीनंतर ‘अर्ली ईओएफ’ पुन्हा दिसले नाही.

पुढचा अडथळा निराळा होता. लिनेजओएसचा मॅनिफेस्ट स्वतःच्या रिपॉझिटरी गिटहबवरून आणि मूळ अँड्रॉइडच्या न बदललेल्या रिपॉझिटरी गूगलच्या सर्व्हरवरून आणतो, आणि यांपैकी दुसऱ्या गटाला ‘४२९’, म्हणजे ‘विनंत्या फार झाल्या’, असे उत्तर येऊ लागले. राउटरचा बाहेरील आयपी पत्ता (इंटरनेटवरील क्रमांक) १००.६४ ने सुरू होत होता. याचा अर्थ पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतो आणि गूगल त्या सर्वांची मोजणी एकत्र करते. गूगलच्या खात्यातून पासवर्ड तयार करून ओळख पटवलेल्या पत्त्यावरून डाउनलोड केल्यास मोजणी खात्यावर होते, आणि मी तोच मार्ग धरला. स्वतंत्र आयपी महिना १५० रुपये जादा देऊन मिळतो, हे मात्र मला कार्यालयात जाऊन विचारल्यावरच समजले. जोडणी देतानाच ही माहिती द्यायला हवी होती.

एका चुकीचे खापर मी पुरवठादारावर फोडले आणि ते अन्यायाचे होते. सिंक निर्विघ्न पार पडूनही बिल्ड वेबव्ह्यूपाशी, म्हणजे ॲपमध्ये वेबपाने दाखवणाऱ्या घटकापाशी, अडत होते. त्याची एपीके (ॲपची) फाइल उघडून पाहिली, तर आत तीन ओळींचा मजकूर होता. संगणकावर मोठ्या फाइली आणणारे गिट एलएफएस हे जोडसाधन बसवलेले नसल्याने खऱ्या फाइलऐवजी तिचा केवळ निर्देशक उतरला होता. एलएफएस बसवून त्या रिपॉझिटरीत ‘एलएफएस पुल’ चालवताच फाइल आली.

सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. तंत्रज्ञाच्या हाताला पूर्ण गुण आहेत. कापले ते फोनवरच्या मदतीचे आणि आयपीबाबत पाळलेल्या मौनाचे. डिचोलीत हे काम करू इच्छिणाऱ्याने जोडणी घेतानाच प्रकाशाची पातळी मोजून घ्यावी आणि पावसाळ्यातील वीजपुरवठा लक्षात घेता संगणकासोबत राउटरही इन्व्हर्टरवर टाकावा. माझा सिंक आता रात्री लावला की सकाळी पूर्ण झालेला असतो. केबल अजून त्याच फणसातून जाते. ती चतुर्थीपूर्वी दुसऱ्या बाजूने ओढून देण्याचे तंत्रज्ञाने कबूल केले आहे.