भरतीचं घड्याळ: कल्पित जगाचा समुद्र बांधणाऱ्यांसाठी

ऑनलाइन मिळणारं भरती-ओहोटीचं घड्याळ कादंबरीतला किंवा खेळातला समुद्र उभा करण्यासाठी जरूर घ्यावं. क्वार्ट्झचं यंत्र, एक पेन्सिल सेल. तबकडीवर वर भरती, खाली ओहोटी, मध्ये उतरत्या क्रमाने 5 ते 1 तास. काटा 12 तास 25 मिनिटांत एक फेरी मारतो. घेताना मात्र वेळ आणि भरती एकाच तबकडीवर दाखवणारं बघा.

कारण बारा तासांत फिरणारा तासकाटा ही सूर्याची भरती धरता येते, दुसरा काटा चंद्राची. अमावास्येला दुपारी बाराला दोन्ही वर जुळवा. आठवड्याभराने ते समोरासमोर येतात, तो भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती. पावणेपंधरा दिवसांनी पुन्हा एकत्र, ते उधाण. सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच, म्हणून भांगातही पाणी चढतं-उतरतं. तिथीला पाऊणने गुणायचा कोकणातला हिशोबही (चतुर्थीची भरती तीनला) जवळपास याच सरासरीचा.

पण होडी लावायला यावर विसंबू नका. काट्याची चाल एकसारखी असते; खरी भरती उधाणानंतर काट्याच्या आधी येते, भांगानंतर उशिरा. अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते, तिथे तर हे निरुपयोगीच.

दंतकथा रचणाऱ्यांनी काट्याकडे नीट पाहावं. मंथनातून निघालेल्या लेकराला, चंद्राला पाहून समुद्राला भरतं येतं, या कथेत एका भरतीचं उत्तर आहे. काटा मात्र चंद्र पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असतानाही वर जातो. ही दुसरी भरती कोणासाठी, हे तुमच्या जगातल्या कोळणींना माहीत असायला हवं.

आपल्यापेक्षा वेगळा चंद्र हवा असेल तर घड्याळ थिटं पडतं, कारण आतल्या चाकांच्या दात्यांचं प्रमाण बदलता येत नाही. दिवस 24 तासांचाच ठेवून चंद्र निम्म्या अंतरावर आणला, तर त्याची पौर्णिमा दर 10 दिवसांनी येते आणि भरती आणणारी ओढ आठपट होते. तेव्हा वस्तुमान आपल्या चंद्राच्या एक-अष्टमांश धरा, नाहीतर प्रत्येक भरतीला बंदर बुडेल. इथेच बहुतेकांचं गणित फसतं: चंद्र जवळ आणतात, पण वजन तेवढंच ठेवतात.

या चंद्राची भरती 13 तास 20 मिनिटांनी येते. त्यासाठी पुठ्ठ्याची गोल तबकडी कापून 9-9 अंशांची 40 घरं पाडा. एक घर म्हणजे 20 मिनिटं. रोज ठरल्या वेळी, काट्याच्या जागी ठेवलेली खूण 8 घरं मागे सरकवा, म्हणजे भरती 2 तास 40 मिनिटांनी लांबते. पाच दिवसांनी खूण मूळ घरात आली नाही, तर मोजताना कुठेतरी घर सुटलंय.