एमएसच्या पेशंटना 'लेव्हल कमी आहेत' म्हणून असं फसवतात

माझ्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे, सहा वर्षं झाली. तुमच्या घरात एमएसचा पेशंट असेल तर हे जरूर वाचा.

ओळखीतून एका 'न्यूट्रिशन तज्ज्ञा'चा नंबर मिळाला. फोनवर बोलणं अगदी आपुलकीचं. "ताई, तुमच्या नसा उपाशी आहेत. आधी रक्तातली व्हिटॅमिन्स आणि अमिनो अ‍ॅसिड बघू." तपासणीचे १४,५०० आधीच भरून घेतले. रक्त घ्यायला मुलगा आला तो दुपारी चारला, हिचं जेवण आणि वर चहा-पोहे झाल्यावर. उपाशीपोटी नको का, विचारलं तर म्हणाला, "चालतंय." रिपोर्टमध्ये चोवीस ओळी, त्यातल्या सतरांपुढे लाल बाण.

व्हिटॅमिन डी १४ होतं, आणि ते खरंच कमी होतं. आम्ही गळाला लागलो ते तिथंच. एक आकडा खरा निघाल्यावर बाकीचेही खरे वाटले. एमएसच्या पेशंटमध्ये डी कमी आढळतं हे डॉक्टरही सांगतात. पण ते भरून काढल्यानं आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही.

६८,००० रुपयांचं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं. पावडरचे डबे आणि लेबल नसलेल्या डबीतल्या कॅप्सूल, रोज एक. वर हुकूम, "लेव्हल भरेपर्यंत इंटरफेरॉन बंद." इंटरफेरॉन म्हणजे एमएस आटोक्यात ठेवायचं हिचं औषध; दर शुक्रवारचं ते इंजेक्शन मी स्वतः फ्रिजमध्ये मागे सरकवून ठेवलं.

दहाव्या आठवड्यात हिची तहान भागेना. रात्रीत पाच-सहा वेळा लघवी, उलट्या, बद्धकोष्ठ, मग बोलताना शब्द चुकायला लागले. तो तज्ज्ञ म्हणाला, "विष बाहेर पडतंय, थांबू नका." हॉस्पिटलमध्ये कॅल्शियम निघालं १३.४ आणि डी १५० च्या वर, दोन्ही प्रमाणाबाहेर; डी अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. कॅप्सूल कितीची, असं खडसावून विचारल्यावर त्यानं सांगितलं: व्हिटॅमिन डीची, साठ हजार युनिट. आपल्याकडे ही कॅप्सूल आठवड्याला एक देतात, तीही ठरावीक आठवडेच. चार दिवस सलाईन लावावं लागलं. एमआरआयमध्ये एमएसचा नवा डाग दिसला.

न्यूरोलॉजिस्टनी तो चोवीस ओळींचा रिपोर्ट शांतपणे वाचला. अमिनो अ‍ॅसिड जेवणानुसार वरखाली होतात; ही तपासणी मुख्यतः बाळांमधले जन्मजात चयापचयाचे विकार शोधायला करतात, एमएसचे उपचार तिच्यावर ठरत नाहीत. बी-१२ मात्र बघावं लागतं, कारण ते कमी असलं तरी हातापायांना मुंग्या येतात, चाल बिघडते. हिचं ते निदानाच्या वेळीच तपासलं होतं, त्याचा रिपोर्ट आमच्याच फाईलमध्ये होता. आम्ही ती उघडलीच नाही.

बिलावर फक्त 'सल्ला शुल्क' लिहिलंय. डब्यांवर खाद्यपदार्थांच्या परवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, उरलेले डबे अन्न व औषध प्रशासनाकडे दिलेत. तुमच्याकडेही असे डबे असतील तर टाकू नका, बिलासकट जपून ठेवा.

इंजेक्शन पुन्हा सुरू झालंय. हिच्या डाव्या हाताच्या बोटांनी अजून साडीची पिन धरवत नाही.