आईविना तान्ह्या बाळासाठी कांगारू पट्टा: घ्यावा का, कसा वापरावा

बाळंतपणात आई गेली की घरचे आधी दुधाचा डबा शोधायला धावतात. दूध लागतंच, पण तितक्याच निकडीची असते कोणाची तरी उघडी, उबदार छाती, आणि ती रोज त्याच माणसाची. या कामाला होजिअरीचा, बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणारा नळीसारखा कांगारू पट्टा उत्तम. बकलवाली, पाय लोंबकळणारी पिशवी कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. मान न धरलेल्या बाळासाठी ती नाही.

माप बापाच्या किंवा आजीच्या छातीचं द्या. घातल्यावर आत जेमतेम पंजा सरकावा. सैल पट्ट्यात बाळ हळूहळू खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. 'फ्री साइज'चा सगळ्यात मोठा दोष हाच.

बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी, मोजे, बस्स. बाळ छातीच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, डोकं एका बाजूला वळवलेलं, मान किंचित वर. कापडाची वरची कड कानाच्या पाळीशी यावी. नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे. एका बैठकीला किमान तासभर द्या, उगाच काढ-घाल करू नका. माणसाने टेकून, अर्धवट बसून राहावं. पट्ट्यात बाळ असताना गॅसजवळ किंवा गाडीवर अजिबात नाही. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस राहायला हवं. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते, म्हणजे एकट्या माणसाचं हे काम नव्हे. पण भेटायला आलेल्या दहा पाहुण्यांच्या हातांतून फिरवण्याचंही नव्हे. बाप आणि आजी, दोघंच ठरवा.

माणूस ठरलेलंच हवं, याला मेंदूचंही कारण आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना सांभाळणारी पालक कुटुंबं दिली. वयाच्या दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी आठव्या वर्षी घरी वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा नव्हत्या. ती मुलं संस्थेत वाढत होती, त्यामुळे घरातल्या पोरक्या बाळाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. तरी एवढं कळतं, की जन्मदाती नसली तरी ठरलेलं, हाकेला ओ देणारं माणूस लवकर मिळालं तर मेंदू बरंच सावरतो. हे काम पट्टा करत नाही, माणूस करतो. पट्ट्याने फक्त त्याचे हात मोकळे राहतात.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात होजिअरी लवकर वाळत नाही, म्हणून तीन पट्टे घ्या. ओलसर कापडाने बाळ गार पडतं. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, तेव्हा आधी धुऊन मगच पंजाचं माप बघा. उग्र वासाची पावडर आणि अत्तर दोन्ही टाळा.